गॅरेजमधलं विमान आणि माझे तीन रिव्हेट

"विमान? आणि तेही गॅरेजमध्ये? काहीतरीच काय!"

मित्रांनो, सुट्टीनंतर हॉस्टेलवर परत आल्यावर मी माझा सुट्टीतला उद्योग सांगितला, तेव्हा माझ्या रूम-पार्टनरची हीच प्रतिक्रिया होती. तिला वाटलं रिमोट कंट्रोलचं खेळण्यातलं विमान असेल. पण नाही! मी सांगत होते ते खरंखुरं विमान. दोन माणसं शेजारी-शेजारी बसतील, पेट्रोल भराल, आणि आकाशात जाल, असं. आणि त्याच्या उजव्या पंखात माझ्या हातचे काही शे रिव्हेट आहेत. त्यातल्या तिघांची गोष्टही मला सांगायची आहे, पण ती जरा नंतर.

आधीच एक कबुली. माझं शाळेपासूनचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी फक्त घरी आणि आजीच्या पत्रांत. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं, आणि 'बकिंग बार'ला मराठीत काय म्हणतात हे मला कोणी विचारू नये!

किट विमान म्हणजे नेमकं काय?

माझा मामा अमेरिकेत ओहायो राज्यात डेटन शहराजवळ राहतो. डेटन म्हणजे राईट बंधूंचं गाव. तिथल्या त्यांच्या सायकलच्या दुकानात त्यांनी विमानाचे भाग तयार केले, त्यांच्या दुकानातल्या चार्ली टेलर या मेकॅनिकने साधारण सहा आठवड्यांत इंजिन बनवलं, आणि १७ डिसेंबर १९०३ ला किटी हॉक इथे ते विमान १२ सेकंद उडालं. म्हणजे बघा, जगातलं पहिलं विमानसुद्धा कुठल्या मोठ्या कारखान्यातलं नव्हतं. ते 'घरगुती'च होतं.

ही परंपरा तिकडे अजून जिवंत आहे. पॉल पोबेरेझ्नी या गृहस्थांनी १९५३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात घरी विमान बांधणाऱ्यांची एक संघटना काढली, एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन. दरवर्षी जुलैमध्ये ऑशकॉश गावी त्यांची जत्रा भरते. आपल्याकडे वारीला जावं तसे लोक आपापली विमानं घेऊन तिथे जातात आणि विमानाच्या पंखाखाली तंबू ठोकून राहतात.

सुरुवातीला लोक नुसत्या ड्रॉइंगवरून विमान बांधायचे. प्रत्येक रिब स्वतः कापायची, स्वतः वाकवायची. मग किट आली. मामाचं विमान आरव्ही-७ए या मॉडेलचं आहे. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी १९७३ मध्ये ओरेगन राज्यात सुरू केलेल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीचं हे किट. त्यांच्या वेगवेगळ्या मॉडेल्सची मिळून अकरा हजारांहून जास्त विमानं लोकांनी बांधून उडवली आहेत.

किट एकदम घ्यावं लागत नाही. आधी शेपटी, मग पंख, मग मधलं धड, आणि शेवटी फिनिशिंग, असे हप्त्याहप्त्याने खोके येतात. शेपटी आधी का? कारण ती छोटी असते. चूक झाली तर कमी पैशात शिकता येतं, आणि हे आपल्याला झेपणार नाही असं वाटलं तर कमी नुकसानीत थांबताही येतं. इंजिन, प्रोपेलर, मीटर्स आणि रंग हे किटमध्ये नसतं, ते वेगळं घ्यायचं. नुसत्या इंजिनाची किंमत ऐकून मला घाम फुटला. मामी म्हणते, "ह्याच्या विमानापायी आमचं किचन अजून पंधरा वर्षांपूर्वीचंच आहे."

वेळ किती लागतो? साधारण दीड ते दोन हजार तास धरतात. आता गणित करा. नोकरी सांभाळून आठवड्याला १० तास मिळाले तर वर्षाचे ५२० तास. म्हणजे तीन ते चार वर्षं, तेही एकही आठवडा न चुकवता! म्हणून अनेकांची किटं अर्धवट पडून राहतात. दुसरा धोका पैशांचा. ही कंपनीच २०२३ च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणात गेली होती आणि २०२४ मध्ये त्यातून बाहेर आली. ज्यांनी आगाऊ रक्कम भरली होती त्यांच्या जिवाला तेवढे महिने घोर लागून राहिला होता.

५१ टक्क्यांचा नियम

मला वाटायचं, असं कोणीही विमान बांधलं तर सरकार कसं काय गप्प बसतं? तर तिकडच्या हवाई खात्याचा, म्हणजे एफएएचा, त्यासाठी खास नियम आहे. विमान बांधण्याच्या कामातला मोठा भाग, म्हणजे अर्ध्याहून जास्त, हौशी माणसाने स्वतः केलेला पाहिजे, आणि तोही फक्त स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी. 'शिक्षणासाठी' हा शब्द नियमातच आहे, हे मला फार आवडलं. यालाच सगळे ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात.

हे सिद्ध कसं करायचं? मामाने पहिल्या दिवसापासून एक लॉगबुक ठेवलं आहे. तारीख, किती तास, काय काम केलं, आणि सोबत फोटो. आपल्या वर्कशॉपच्या जर्नलसारखंच, फरक एवढाच की ते सबमिशनच्या आदल्या रात्री लिहिलेलं नाही!

पत्रा, भोक आणि रिव्हेट

आता खरा अभ्यास. आरव्हीचा सांगाडा आणि पत्रा मुख्यतः २०२४-टी३ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. त्यात तांबं असतं, त्याने मजबुती येते. पण तांब्यामुळे तो गंजायलाही सोपा, म्हणून पत्र्यावर दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर दिलेला असतो. पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ. हातात घेतला तर लवलव करतो. पण रिब्ज आणि स्पारवर रिव्हेटने बसवला की तोच पत्रा भार घेतो. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये आपण 'थिन वॉल्ड सेक्शन' शिकतो ना, तो हाच.

वेल्डिंग का नाही? कारण या धातूची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागी ती ताकद निघून जाते. शिवाय हा धातू वेल्डिंगला तडकतोही. म्हणून रिव्हेट. पूर्ण विमानात दहा हजारांच्या वर!

एका रिव्हेटची कृती अशी:

१) पत्रे एकावर एक ठेवून भोकांत क्लेको लावायचे. क्लेको म्हणजे स्प्रिंगची छोटी पिन, रिव्हेट बसेपर्यंत पत्रे जागच्या जागी धरून ठेवते. शिंपी टाके घालण्याआधी टाचण्या लावतो तसं.

२) भोक अंतिम मापाचं करायचं. भोकाचा मध्य पत्र्याच्या कडेपासून रिव्हेटच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतरावर हवा. कमी असेल तर पत्रा कडेला फाटतो.

३) पत्रे पुन्हा सुटे करून प्रत्येक भोकाची बर काढायची. हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि म्हणून ते मला मिळालं! पण ते महत्त्वाचं आहे. भोकाच्या कडेला राहिलेला बारीक चरा म्हणजे स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन. विमान हजारो वेळा थरथरलं की तिथूनच फटीग क्रॅक सुरू होतो.

४) बाहेरून हवा सरळ वाहावी म्हणून रिव्हेटचं डोकं पत्र्यात बसवायचं असतं. त्यासाठी भोकाभोवती १०० अंशांचा खळगा दाबतात.

५) बाहेरून एक जण रिव्हेट गन चालवतो. आतून दुसरा बकिंग बार, म्हणजे गुळगुळीत पोलादी ठोकळा, रिव्हेटच्या दांड्यावर धरतो. दांडा फुगतो, भोक भरतो आणि आत चपटं डोकं तयार होतं. त्या डोक्याचा व्यास दांड्याच्या दीडपट आणि उंची अर्धी असावी. त्यासाठी ठोकण्यापूर्वी दांडा व्यासाच्या दीडपट बाहेर आलेला पाहिजे.

३/३२ इंच व्यासाचा असा एक रिव्हेट सिंगल शिअरमध्ये सुमारे ९८ किलो भार घेतो. म्हणजे आपल्या हॉस्टेलचे साधारण दीड विद्यार्थी! (मेसचं जेवण बघता, पावणेदोन.)

माझे तीन रिव्हेट

आता ती गोष्ट.

मी गेले तेव्हा, २०२४ च्या जूनमध्ये, मामाचं उजव्या पंखाचं काम शेवटाला आलं होतं. खालच्या बाजूचा पत्रा लावला की पंख बंद. हे काम अवघड, कारण पत्रा थोडा वर उचलून त्या फटीतून खांद्यापर्यंत हात आत घालायचा आणि न बघता, फक्त बोटांनी चाचपून, बार धरायचा. मामाचा हात जाडजूड, मध्येच अडकायचा. माझा बारीक. "अगं, देवानेच तुला पाठवलंय," तो म्हणाला.

गनचा आवाज कान फोडणारा, त्यामुळे दोघांच्या कानांवर मफ्स. बोलणं अशक्य. म्हणून आमची खूण ठरली होती. रिव्हेट झाला की मी बोटाने डोकं चाचपायचं. चांगलं असेल तर पत्र्यावर आतून एक टकटक, खराब असेल तर दोन.

पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझा दंड भरून आला होता, घामाने बार निसटत होता. एका ठिकाणी बार थोडा तिरका झाला. बोट फिरवलं तर डोकं एका बाजूला कललेलं लागलं. मला कळलं. तरीही मी एकदाच टकटक केली.

का केली? दोनदा केली असती तर तो रिव्हेट ड्रिल करून काढावा लागला असता, अर्धा तास गेला असता, आणि दिवसभर "व्वा, काय हात आहे!" असं ऐकलेली मी एकदम नवशिकी ठरले असते. एवढंच कारण. मग पुढचे दोनही तसेच. तिसऱ्याला तर बार सटकून रिबवर आपटल्याचं जाणवलं. मी पुन्हा एकदाच टकटक केली.

रात्री जेवताना मामी सहज म्हणाली, "मी तर ठरवलंय, चाचण्या संपल्या की पहिली पॅसेंजर मीच. महाबळेश्वरच्या घाटात मला गाडी लागते, पण ह्याच्या विमानात बसणार!" सगळे हसले. मला घास जाईना.

रात्रभर मी मनातल्या मनात शिअर स्ट्रेसची गणितं करत होते. एका ओळीत इतके रिव्हेट, त्यातले तीन कमकुवत, भार शेजारच्यांवर जाईल, सेफ्टी फॅक्टर आहेच... गणिताचं उत्तर दर वेळी 'चालेल' असंच येत होतं. पण झोप येत नव्हती.

सकाळी चहा घेताना मी मामाला सांगितलं. वाटलं, ओरडेल. तो काही बोलला नाही. त्याने कप खाली ठेवला, गॅरेजमध्ये गेला आणि लॉगबुक घेऊन आला. "कुठले तीन? दाखव." मग त्याने त्या जागांवर मार्करने गोल केले आणि तारीख घालून लिहून ठेवलं. नंतर मला विचारलं, "हे तीनच? की आठवतायत ते तीन?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला. कारण आता माझ्या बाकीच्या टकटकीवरही भरवसा राहिला नव्हता. आम्ही फोनचा कॅमेरा आणि छोटा आरसा आत घालून आदल्या दोन दिवसांचा एकेक रिव्हेट पुन्हा तपासला. अख्खा शनिवार गेला. अजून एक निघाला, तो मला खरंच कळला नव्हता.

रविवारी त्या संघटनेचे एक टेक्निकल कौन्सेलर आले. हे अनुभवी बांधकाम करणारे लोक असतात, विनामूल्य येऊन काम बघून जातात. त्या आजोबांनी चारही रिव्हेट शांतपणे पाहिले. त्यांचा निर्णय ऐकून मी चकित झाले. ते म्हणाले, यातले तीन तसेच राहू देत. थोडे कललेले आहेत पण भोक भरलंय, पत्रा घट्ट बसलाय. ते काढायला गेलात तर भोक मोठं होईल, आणि बऱ्याचदा मूळ दोषापेक्षा दुरुस्तीच जास्त नुकसान करते. मात्र चौथा, जिथे माझा बार सटकला होता, तो काढलाच पाहिजे. आणि रिबवर जो ओरखडा पडलाय तो त्याहून महत्त्वाचा. तो बारीक कानशीने आणि पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, नाहीतर तिथे क्रॅक सुरू होईल.

म्हणजे मी ज्या रिव्हेटची गणितं करत रात्रभर जागले ते चालण्यासारखे होते, आणि ज्या ओरखड्याकडे मी लक्षच दिलं नव्हतं तोच खरा धोका होता! मी गप्प बसले असते, तर हे ठरवायला जाणकार माणसाला संधीच मिळाली नसती.

रिव्हेट काढायची रीतही सांगते. डोक्याच्या बरोबर मध्यभागी, फक्त डोक्याच्या जाडीएवढंच ड्रिल करायचं. मग पंच घालून डोकं तोडायचं आणि आतून आधार देऊन दांडा हळूच ठोकून काढायचा. माझ्या हातून भोक थोडं मोठं झालंच. त्यावरही उपाय आहे. दांडा एक माप जाड पण डोकं लहानच, असा एक रिव्हेट मिळतो. घरी विमान बांधणारे त्याला लाडाने 'ऊप्स रिव्हेट' म्हणतात. म्हणजे माझ्यासारखे पुष्कळ आहेत तर!

वजन कमी, पण कुठे?

विमान पूर्ण झालं की तीन चाकांखाली तीन काटे ठेवून त्याचं वजन करतात. नुसतं एकूण वजन पुरत नाही, गुरुत्वमध्य कुठे आहे ते हवं. पहिल्या वर्षी मेकॅनिक्समध्ये आपण मोमेंट शिकलो, तेच इथे लागतं.

सोपे आकडे घेऊ (हे मामाच्या विमानाचे नाहीत, गणितापुरते आहेत). नाकाच्या पुढच्या एका ठरावीक बिंदूपासून पुढचं चाक १ मीटरवर, तिथे १३० किलो. मागची दोन चाकं २.४ मीटरवर, तिथे मिळून ३७० किलो. एकूण ५०० किलो. मोमेंट १३० अधिक ८८८, म्हणजे १०१८. भागिले ५०० केलं की गुरुत्वमध्य २.०४ मीटरवर.

आता २.५ मीटरवर दोन माणसं, १५० किलो. एकूण ६५०, मोमेंट १३९३, गुरुत्वमध्य २.१४ वर. मागे ३.२ मीटरवर ३० किलो सामान टाकलं तर एकूण ६८०, मोमेंट १४८९, गुरुत्वमध्य २.१९ वर. म्हणजे फक्त ३० किलोंनी तो जवळजवळ ५ सेंटिमीटर मागे सरकला. मर्यादेपेक्षा मागे गेला तर विमान अस्थिर होतं, आणि स्टॉल झाल्यावर नाक खाली आणणं कठीण होतं. एसटीत टपावर सामान कुठेही टाकतो तसं इथे चालत नाही.

पहिलं उड्डाण

सगळं झाल्यावर एफएएचा प्रतिनिधी कागदपत्रं आणि विमान तपासतो. विमानावर 'एक्सपेरिमेंटल' असं लिहावं लागतं, आणि हे विमान कारखान्यातल्या विमानांचे सुरक्षा-नियम पाळून बनलेलं नाही, अशी पाटी आतल्या प्रवाशाला दिसेल अशी लावावी लागते. मग ठरलेल्या भागातच चाचणी उड्डाणं, साधारणपणे २५ किंवा ४० तास, इंजिन आणि प्रोपेलरची जोडी प्रमाणित आहे की नाही त्यावर अवलंबून. या काळात हौसेखातर कुणाला प्रवासी म्हणून बसवायचं नाही. हा नियम उगाच नाही. २०१२ मध्ये तिथल्या अपघात तपास मंडळाने केलेल्या अभ्यासात दिसलं की घरी बांधलेल्या विमानांचे बरेच अपघात अगदी सुरुवातीच्या उड्डाणांत होतात, आणि इंजिनाचा बिघाड व विमानावरचा ताबा सुटणं ही त्यातली मोठी कारणं आहेत.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे हे होऊच शकत नाही असं कोणी म्हणालं तर कॅप्टन अमोल यादव यांचं नाव सांगा. मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं, तेही किटवरून नाही तर स्वतःच्या डिझाइनचं. २०१६ मध्ये बांद्रा-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. नोंदणी मिळाली २०१७ मध्ये, आणि उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये. विमान बांधायला जिद्द लागते, पण परवानगीची वाट बघायला त्याहून जास्त लागते, हे या तारखांवरून लक्षात येईल.

आणि लगेच विमान नाही, तर निदान रिव्हेट तरी करून बघा. आपल्या वर्कशॉपमध्ये १ मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या घ्या. ३ मिलिमीटरचा रिव्हेट, भोक कडेपासून निदान ६ मिलिमीटरवर, दांडा ४.५ मिलिमीटर बाहेर. ठोकून झाल्यावर डोकं व्हर्नियरने मोजा, ४.५ रुंद आणि १.५ उंच आलं का? मग कटर मशीनवर मधोमध कापून बघा की भोक खरंच भरलंय का. युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनवर दहा चांगले आणि दहा मुद्दाम वाकडे केलेले रिव्हेट तोडून बघितले तर सरांनाही आवडेल. मी आमच्या बॅचमधून सुरुवात केली आहे, येणाऱ्यांचं स्वागत!

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगते. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये मी फिटिंगचा जॉब सीनियरकडून घेऊन, नंबर घासून, माझा म्हणून सबमिट केला होता. आपल्यातले बरेच जण हसतील, कारण तुम्हीही केलं असेल. टेन्साइल टेस्टचं रीडिंग ग्राफवर बसत नाही म्हणून आपण ते 'बसवतो'. त्याही वेळी आपण आतून एकदाच टकटक करत असतो. तिथे विमान पडत नाही, त्यामुळे काही बिघडलंय असं वाटत नाही. पण सवय तीच असते, आणि ती सवय घेऊन मी त्या पंखात हात घातला होता.

गेल्या आठवड्यात मामाचा फोटो आला. दोन्ही पंख भिंतीला लावलेल्या स्टँडवर उभे आहेत आणि मध्ये विमानाच्या धडाचा सांगाडा. अजून निदान दोन वर्षं लागतील म्हणतो. मामीने पहिल्या सीटवरचा हक्क सोडलेला नाही. दुसऱ्या फेरीचा नंबर माझा लावला आहे, आणि मी हो म्हटलंय.